उघडता येणारी वस्तू



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर वर्कशॉपमध्ये शिकवलं. त्यांच्या नावाने बोलताना विषयही वर्कशॉपपासून फार दूर जाऊ नये, असं मला वाटलं. शाश्वत विकासावर बोलण्यासारखं खूप आहे, पण आज मी एकाच प्रश्नाभोवती राहणार आहे. घरातली वस्तू बिघडली तर ती उघडता येते का, आणि उघडल्यावर दुरुस्त होते का? हे नेमकं कोण ठरवतं?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वस्तू किती वर्षं टिकेल, यातला थोडाच भाग वापरणाऱ्याच्या हातात असतो. बाकीचं ड्रॉइंगवरच ठरून गेलेलं असतं. झाकण स्क्रूने बसवायचं की गोंदाने चिकटवायचं, बोर्ड सुटा ठेवायचा की राळ ओतून बंद करायचा, सुटे भाग किती वर्षं बाजारात ठेवायचे, हे निर्णय वस्तू जन्माला येण्याआधी घेतले जातात. म्हणून दुरुस्ती ही विक्रीनंतरची सेवा आहे असं मी मानत नाही. ती डिझाइनचा भाग आहे. ज्या डिझाइनमध्ये दुरुस्तीचा विचार नाही, त्याला कितीही हिरवा रंग दिला तरी मी ते शाश्वत म्हणणार नाही.

आपल्याकडे पर्यावरणस्नेही वस्तूंची चर्चा बहुधा साहित्यावर सुरू होते आणि तिथेच संपते. बांबूचा ब्रश आला, कागदाचा स्ट्रॉ आला, पॅकिंगचा पुठ्ठा आला. हे चांगलंच आहे. पण ज्या वस्तूंचा डोंगर सर्वांत वेगाने वाढतो आहे, त्या बांबूच्या होणाऱ्या नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या ई-कचरा अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रिक आणि इलेक्ट्रॉनिक कचरा तयार झाला. त्यातल्या जेमतेम २२.३ टक्के कचऱ्याचं रीतसर संकलन आणि पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. उरलेल्यातला किती जाळला गेला, किती पुरला गेला आणि किती उघड्या हातांनी ॲसिडमध्ये बुडवला गेला, याचा नीट हिशेब कुणाकडे नाही. पुनर्चक्रण वाढलंच पाहिजे. मात्र त्याची पाळी येते ती वस्तू मेल्यानंतर. मला आज ती जिवंत ठेवण्याबद्दल बोलायचं आहे.

या सभागृहात आपल्या डोक्यावर जो फिरतो आहे, त्या पंख्यापासून सुरुवात करू.

आपल्या घरातला जुना पंखा म्हणजे एक साधी इंडक्शन मोटर. तांब्याचं वायंडिंग, दोन बॉल-बेअरिंग, तीन पाती आणि वर वाटीत दडलेला एक कंडेन्सर, बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा. पंखा हळू फिरायला लागला की मिस्त्री आधी कंडेन्सर बदलतो. त्याला काही मिनिटं आणि थोडे रुपये पुरतात. खरखर आवाज आला तर बेअरिंग बदलतो. मोटर जळली तर गावातला वायंडिंगवाला जुनं तांबं काढून नवं भरतो. कंडेन्सर कुठल्याही कंपनीचा चालतो, बेअरिंग ठरलेल्या मापाचं असतं आणि मिस्त्रीला कुणाची परवानगी लागत नाही. असे पंखे वीस-पंचवीस वर्षं फिरतात आणि शेवटी भंगारात गेले तरी त्यांतलं तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम सहज वेगळं होऊन पुन्हा भट्टीत जातं.

या पंख्याचा दोष एकच आहे, पण तो मोठा आहे. तो ७० ते ८० वॉट वीज खातो.

नव्या बीएलडीसी पंख्याने हा दोष दूर केला. त्याच्या रोटरमध्ये कायमचे चुंबक असतात आणि एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड मोटरमधल्या वेटोळ्यांना आळीपाळीने वीज देतो. पूर्ण वेगातही तो साधारण ३० वॉटवर चालतो. हिशेब करून पाहा. ७५ वॉटच्या जागी ३० वॉट, म्हणजे ४५ वॉटची बचत. रोज १२ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरले तर जवळजवळ १,३०० रुपये. आपल्या देशात दरवर्षी कोट्यवधी पंखे विकले जातात, तेव्हा या बचतीचा आकार लक्षात येईल. या पंख्याला आपल्याकडे घराघरांत नेण्यात आयआयटी मुंबईत शिकलेल्या तरुणांनी उभ्या केलेल्या ॲटमबर्ग या कंपनीचा मोठा वाटा आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

आता दुसरी बाजू पाहा. पावसाळ्यात व्होल्टेज उसळलं आणि बोर्ड गेला, तर कोपऱ्यावरचा मिस्त्री काय करणार? मोटर शाबूत, बेअरिंग शाबूत, पाती शाबूत. पण बोर्ड त्या कंपनीचा, त्याच मॉडेलचा हवा. त्याचे कनेक्टर वेगळे, आकार वेगळा आणि सर्किटचा नकाशा कुठेही छापलेला नाही. वॉरंटी असेपर्यंत कंपनीचा माणूस येतो. वॉरंटी संपल्यावर बोर्ड मिळेलच याची खात्री नाही, आणि मिळाला तरी त्याची किंमत ऐकून अनेक जण नवा पंखा घेतात. विजेत वाचलेलं बरंच काही मग धातूत, कारखान्यात आणि वाहतुकीत खर्च होतं.

इथे कुणी म्हणेल की जुना पंखाच बरा होता. मी तसं म्हणणार नाही. जुन्याकडे परतणं हे उत्तर नाही. ३० वॉटचा पंखा हवाच, पण तो जुन्या पंख्याइतका सहज उघडणारा हवा. आणि यात तंत्राची कुठलीही अडचण नाही. बोर्ड मोटरपासून अलग, वरच्या वाटीत ठेवता येतो. व्होल्टेजचा धक्का स्वतःवर घेणारा वॅरिस्टर आणि फ्यूज सॉकेटमध्ये बसवता येतात, म्हणजे तेवढेच बदलून पंखा चालू होतो. बोर्डाचा आकार आणि कनेक्टर मानक संस्थेला ठरवून देता येतात. टीव्हीच्या दुरुस्तीत आपल्या कारागिरांनी 'युनिव्हर्सल बोर्ड' कधीच रुळवला आहे. जे बाजाराने स्वतःहून केलं, ते पंख्याच्या बाबतीत नियमाने करता येईल.

काटकसर आणि टिकाऊपणा यांच्यातला हा ताण नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी तो दिव्याच्या बल्बवरून उभा राहिला होता. १९२४ च्या डिसेंबरमध्ये जिनिव्हात जगातल्या मोठ्या बल्ब-उत्पादकांनी 'फीबस' नावाची एक संघटना केली. ऑस्राम, फिलिप्स आणि जनरल इलेक्ट्रिकशी जोडलेल्या कंपन्या तिच्यात होत्या. तोवर बाजारात १,५०० ते २,००० तास चालणारे बल्ब मिळत होते. संघटनेने १,००० तासांचं आयुष्य ठरवून दिलं. प्रत्येक कारखान्यातले नमुने मध्यवर्ती प्रयोगशाळेत तपासले जात आणि ठरल्यापेक्षा जास्त टिकणारे बल्ब करणाऱ्याला दंड होई. दुसरं महायुद्ध सुरू होईपर्यंत ही व्यवस्था टिकली.

यात अभियांत्रिकीची एक खरी बाजूही होती, ती न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. फिलॅमेंट जास्त तापवलं की तेवढ्याच विजेत जास्त उजेड मिळतो, पण ते लवकर तुटतं. कमी तापवलं की टिकतं, पण उजेड कमी. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासून जळणारा एक बल्ब आहे. त्याचं कौतुक होतं ते ठीकच, पण त्याचा उजेड अगदी मंद आहे. तेव्हा १,००० तास हा आकडा तांत्रिकदृष्ट्या अगदीच निराधार नव्हता. गैर होता तो दंड. उजेड हवा की आयुष्य, ही निवड गिऱ्हाइकाची होती. ती त्याला न सांगता बंद खोलीत केली गेली, आणि जास्त टिकणारी वस्तू बनवणं हा गुन्हा ठरला.

आता आपल्या एलईडी दिव्याकडे या. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारची 'उजाला' योजना सुरू झाली आणि तिच्यातून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. विजेची प्रचंड बचत झाली आणि बल्बची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. सरकारने घाऊक खरेदी केली की उद्योगाची दिशा कशी बदलते, याचं हे उत्तम उदाहरण आहे. पण हा बल्ब मरतो कसा, ते पाहा. आत ॲल्युमिनियमच्या चकतीवर बारीक एलईडी एकामागोमाग एक जोडलेले असतात. त्यातला एक गेला की साखळी तुटते आणि सगळा बल्ब अंधारतो. नाहीतर एलईडींना वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटमधला छोटा कंडेन्सर उष्णतेने सुकतो. दोन्ही बिघाड काही रुपयांचे आहेत. गावोगावी मुलं हे बल्ब उघडून, मेलेला एलईडी वगळून ते पुन्हा पेटवतात. पण वरचं झाकण चिकटवलेलं असल्यामुळे त्यांना आधी ते कसंबसं उचकटावं लागतं. डिझाइन त्यांच्या विरोधात उभं आहे आणि तरीही ती मुलं जिंकतात, ही माझ्या मते या देशाची मोठी संपत्ती आहे.

एलईडी लवकर का जातात? किंमत कमी ठेवण्यासाठी मोजकेच एलईडी वापरून त्यांच्यातून जास्त विद्युतप्रवाह सोडला जातो. ते तापतात आणि उष्णता त्यांचं आयुष्य खाते. एलईडींची संख्या वाढवून प्रत्येकावरचा भार कमी केला, तर ते थंड राहतात, कमी विजेत जास्त उजेड देतात आणि जास्त टिकतात. हे नुसतं कागदावरचं गणित नाही. २०१६ मध्ये दुबईच्या नगरपालिकेशी करार करून फिलिप्सने नेमका असा बल्ब बाजारात आणला, एका वॉटमागे २०० ल्युमेन उजेड देणारा. म्हणजे फिलॅमेंटच्या बल्बमध्ये उजेड आणि आयुष्य यांतलं एक सोडावं लागे, इथे दोन्ही एकत्र मिळतात. आणि बघा, १९२४ मध्ये आयुष्य कमी करणाऱ्या संघटनेतल्याच एका कंपनीने ९२ वर्षांनी आयुष्य वाढवणारा बल्ब केला. दरम्यान बदललं काय? मागणारा बदलला. एका शहराने विचारून घेतलं, म्हणून तसा बल्ब झाला. डिझायनरला हवं ते करता येतं, फक्त त्याला कुणीतरी नीट विचारावं लागतं.

मग डिझायनरने करायचं काय? मी विद्यार्थ्यांना एकच सूत्र देतो : जे झिजणार आहे ते वेगळं ठेवा. आपल्या पूर्वजांनी हे सूत्र शब्दांत मांडलं नसेल, पण वस्तूंत उतरवलं होतं. बैलगाडीचं चाक लाकडाचं, पण जमिनीला घासते ती लोखंडी धाव. झिजली की लोहार नवी चढवतो, चाक तेच राहतं. नांगर तोच, फाळ बदलतो. पितळी पातेल्यातली कल्हई उडाली की पुन्हा लावायची, पातेलं पिढ्यान्‌पिढ्या चालतं. आणि हे सूत्र जुन्या काळापुरतं नाही. प्रेशर कुकर ही पूर्णपणे आधुनिक, कारखान्यात तयार होणारी वस्तू आहे. त्याची रबरी रिंग, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि शिट्टी हे झिजणारे भाग तालुक्याच्या बाजारात मिळतात आणि घरातलं कुणीही ते हाताने बदलतं. ज्या वस्तूत वाफेचा दाब आहे, जिथे चूक जिवावर बेतू शकते, तिथेही घरच्या घरी दुरुस्ती शक्य करून दाखवली गेली आहे. तेव्हा 'सुरक्षेसाठी आम्ही वस्तू सीलबंद ठेवतो' असं सांगणाऱ्या उत्पादकाला कुकर दाखवावा.

मोबाइलच्या बाबतीत झिजणारा भाग कोणता, हे सगळ्यांना ठाऊक आहे : बॅटरी. ती रसायनाची आहे, चार्जिंगच्या प्रत्येक फेरीबरोबर थोडी म्हातारी होते. आणि नेमकी तीच गोंदाने चिकटवून आत बंद केली जाते. पाणी आत जाऊ नये म्हणून असं करावं लागतं, असं कारण दिलं जातं. पण पाण्याखाली चालणाऱ्या घड्याळांची मागची झाकणं रबरी रिंगवर स्क्रूने बसवलेली असतात आणि त्यांच्याही बॅटऱ्या बदलतात. ॲमस्टरडॅमच्या फेअरफोन कंपनीने २०१३ पासून हाच वसा घेतला. २०१५ मधला त्यांचा दुसरा फोन तर सुट्या भागांचाच केला होता, पडदा आणि कॅमेरा घरी बदलता येईल असा. कंपनी लहान आहे, पण हे करता येत नाही, हा दावा तिने मोडून काढला.

फोनबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. फोन वापरताना वीज फार लागत नाही. त्याच्यामुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा हिस्सा तो तयार होतानाच होऊन गेलेला असतो. म्हणून फोन जितकी जास्त वर्षं वापराल तितकं चांगलं. जुन्या फ्रिजचं तसं नाही. तो वर्षभर अहोरात्र वीज खातो. फार जुना, वीजखाऊ फ्रिज दुरुस्त करत राहण्यापेक्षा बदलणं शहाणपणाचं ठरू शकतं. म्हणजे 'जुनं जपा' हा सरसकट मंत्र नाही. वस्तूचा भार बनवण्यात जास्त आहे की वापरण्यात, हे आधी मोजावं आणि मग ठरवावं. पण बदलून आणलेली नवी वस्तू मात्र दीर्घायुषीच हवी, नाहीतर त्या हिशेबाला अर्थ राहत नाही.

डिझाइनचा आणखी एक परीक्षक आहे, ज्याला आपण कधी बोलावत नाही : भंगार गोळा करणारी बाई. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे तिच्यातून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली. या बायकांना कुठली बाटली विकली जाते आणि कुठलं पाकीट कुणी फुकटही घेत नाही, हे हाताने कळतं. एकाच प्रकारच्या प्लास्टिकची बाटली विकली जाते. वेफर्सचं चकचकीत पाकीट म्हणजे प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले. ते वेगळे करणं परवडत नाही, म्हणून ते तसंच पडून राहतं. दोन साहित्यं जिथे कायमची चिकटली, तिथे दोन्हींची किंमत गेली. पॅकिंगचा डिझायनर एक दिवस या बायकांबरोबर वर्गीकरणाच्या शेडमध्ये बसला, तर हे त्याला एका दुपारीच समजेल.

आता कायद्याकडे येतो, कारण सगळं डिझायनरच्या सद्‌बुद्धीवर सोडता येत नाही. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही यांसारख्या वस्तूंवर दुरुस्तीचा गुणांक छापणं सक्तीचं केलं. माहितीपत्रकं मिळतात का, वस्तू सुटी किती सहज होते, सुटे भाग मिळतात का आणि केवढ्याला, यांवर १० पैकी गुण. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनची बॅटरी ८०० चार्जिंग फेऱ्यांनंतरही किमान ८० टक्के क्षमतेची राहिली पाहिजे आणि महत्त्वाचे सुटे भाग मॉडेलची विक्री थांबल्यावर ७ वर्षं मिळाले पाहिजेत. १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतल्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता आल्या पाहिजेत, असा तिथला नियम आहे. त्याला काही अपवाद आहेत, पण दिशा स्पष्ट आहे.

आपणही अगदी मागे नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, या हक्कासाठीचं संकेतस्थळ सुरू केलं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकावर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली. २०२५ मध्ये मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी दुरुस्ती-निर्देशांक सुचवणारा अहवालही सादर झाला. आता पुढचं पाऊल टाकायला हवं. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यावर स्टार लेबल सक्तीचं झालं आहे. ते लेबल पंखा वीज किती खातो ते सांगतं. त्याच लेबलवर आणखी एक ओळ छापा : हा पंखा दुरुस्तीला किती सोपा आहे आणि याचे सुटे भाग किती वर्षं मिळतील. दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दोन्ही आकडे एकत्र दिसले, की दोन स्टारमधला फरक आणि दोन आयुष्यांमधला फरक त्याला स्वतःच तोलता येईल. फीबसने जी निवड त्याच्याकडून काढून घेतली होती, ती त्याच्या हाती परत येईल.

आणि हे आपल्याला इतर अनेक देशांपेक्षा सोपं जाणार आहे. युरोपात दुरुस्ती करणारी माणसं फारशी उरली नाहीत, मजुरी परवडत नाही, त्यांना तो व्यवसाय पुन्हा उभा करावा लागतो आहे. आपल्याकडे गल्लोगल्ली मिस्त्री आहेत, वायंडिंगवाले आहेत, मोबाइल दुरुस्त करणारी पोरं आहेत. आपण फक्त त्यांच्या हातात उघडता येणार नाही अशी वस्तू द्यायचं थांबवलं पाहिजे. नाहीतर एका पिढीत हे कौशल्य संपेल आणि मग कितीही चांगला कायदा केला तरी वस्तू उघडायला माणूस सापडणार नाही.

शेवटी या सभागृहात बसलेल्या अभियांत्रिकी आणि डिझाइन महाविद्यालयांच्या प्राध्यापकांपुढे एक ठोस सूचना ठेवतो. तुमच्या विद्यार्थ्यांचे शेवटच्या वर्षाचे प्रकल्प तपासायला बाहेरचा परीक्षक येतो. त्याच्या शेजारी आणखी एक खुर्ची मांडा आणि तिच्यावर गावातला अनुभवी मिस्त्री बसवा. त्याला मानधन द्या. विद्यार्थ्याने केलेली वस्तू त्याच्यासमोर ठेवा, जवळ एक साधा स्क्रू-ड्रायव्हर आणि पक्कड द्या आणि सांगा : उघडा, बिघडलेला भाग काढा, नवा बसवा आणि पुन्हा बंद करा. जी वस्तू त्याला उघडता आली नाही, तिला पूर्ण गुण देऊ नका. एका महाविद्यालयाने हे केलं, तर तिथून बाहेर पडणारा प्रत्येक अभियंता ड्रॉइंगवर पहिली रेघ मारताना त्या मिस्त्रीचा विचार करेल. सरांनी शिकवलेलं पुढे नेण्याचा याहून सरळ मार्ग मला तरी दिसत नाही.